व्हँजीबाईंची खुर्ची

राग आला की मी खलात कच्ची पपई कुटायला घेते. गेल्या जूनपासून आमच्या घरी रोज पपईचीच कोशिंबीर आहे. नवरा विचारतो, "अगं, एवढी चिडलीस कुणावर?" मी सांगते, "प्रासोंगसरांवर." तो मान हलवतो आणि गुपचूप भात वाढून घेतो.

प्रासोंगसर आमचे मुख्याध्यापक. मी त्यांच्या शाळेत गणित शिकवते. आणि माझ्या शेजारच्या टेबलावर बारा वर्षं बसायची ती व्हँजी. पूर्ण नाव इव्हँजेलिन डुमालागन, फिलिपिन्समधल्या इलोइलोची. आमच्या फ्रे या थाई गावातल्या अर्ध्या पोरांना इंग्रजी तिनंच शिकवलं. प्रासोंगसरांची थोरली लेक बँकॉकच्या विद्यापीठात गेली ती कुणाच्या जिवावर? हिच्याच. यॉम नदीला पूर येऊन शाळेत कमरेएवढं पाणी झालं, तेव्हा आम्ही सगळे घरी बसलो होतो. ही बाई विहाराच्या ओसरीवर फळा टांगून रोज दोन तास वर्ग घ्यायची. भिक्षूही मागं बसून धडे गिरवायचे.

दर तीन महिन्यांनी, मी अजून इथंच राहते हो, असं सांगायला तिला परवान्याच्या कचेरीत जावं लागे. एकदा तिथल्या नव्या साहेबानं तिला नखशिखान्त न्याहाळून विचारलं, "कुणाकडे घरकाम करता?" ही म्हणाली, "तुमच्याकडेच. तुमच्या मुलाचा गृहपाठ मीच तपासते." तो मुलगा खरंच तिच्या वर्गात होता. साहेबानं मुकाट्यानं शिक्का मारला. असल्या गोष्टी ती हसत सांगायची, मला मात्र हसू यायचं नाही. पालकसभेत तिच्या तोंडावर विचारत, "खरे इंग्रजीचे मास्तर कधी येणार?" तिला थाई कळतं हे ठाऊक असून विचारत. मेल्यांनो, तुमची पोरं इंग्रजीत भांडायला लागली ती काय पोपटाकडून शिकून?

जूनमध्ये एका गुरुवारी आमच्याकडे गुरुपूजन असतं. शिक्षक व्यासपीठावर खुर्च्यांत बसतात, पोरं गुडघ्यांवर सरकत येतात आणि तबक पुढं करतात. तबकात दूर्वा हव्यात, विद्या तशी पसरावी म्हणून. वांग्याची फुलं हवीत, कारण ती मान खाली घालतात. व्हँजी दर वर्षी खाली उभी राहून माइकवरून आमची नावं पुकारायची. कारण काय, तर ती कंत्राटी. पण मे महिन्यात शाळा उघडली त्या दिवशी प्रासोंगसर सगळ्यांदेखत म्हणाले, "यंदा व्हँजीबाई वर बसणार." त्या संध्याकाळी तिनं इलोइलोला आईला फोन लावला. म्हातारीनं बाजारात मासे विकून हिला शिकवलेलं. म्हणाली, "तू तिकडे काय करतेस ते मला कधी दिसलंच नाही. आता फोनवर बघेन." व्हँजीनं रेशमी कापड आणून लांब स्कर्ट शिवून घेतला, आणि फोन कुठं ठेवला की खुर्ची नीट दिसेल ते चार वेळा मला दाखवलं.

मग ट्रेव्हर आला. अमेरिकेतला, गोरा, पंचविशीचा. समुद्रकिनारे फिरायला आला होता, तिथून आमच्या नशिबी. तीन आठवडे झाले होते त्याला. त्याचे पाठ व्हँजी लिहून देई, तो वर्गात वाचून दाखवी, आणि पालक फाटकाशी उभे राहून कौतुकानं बघत. आयत्या बिळावर नागोबा! पोरगा वाईट नव्हता, हीच पंचाईत. त्याच्यावर धड रागावताही येत नसे.

बुधवारी दुपारी मी व्यासपीठावर खुर्च्या मांडत होते. एकतीस खुर्च्या, प्रत्येकीच्या पाठीवर नावाची चिठ्ठी. हे काम दर वर्षी माझ्याकडे असतं. प्रासोंगसर आले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बोट ठेवून म्हणाले, "इथं ट्रेव्हरचं नाव लावा."

"आणि व्हँजी?"

"यंदाचा फोटो शाळेच्या मोठ्या फलकावर लागणार आहे, तिमबाई. ट्रेव्हर उठून दिसतो."

"मग आणखी एक खुर्ची घालते. जागा आहे, सर. मी मोजलीय."

"रांग बिघडते. आणि व्हँजी आपलीच आहे हो, ती समजून घेईल."

आपलीच! परक्यालासुद्धा कुणी इतकं गृहीत धरत नाही. हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण माझ्या बढतीचा कागद सरांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता, आणि मी मूग गिळून बसले. व्हँजीची चिठ्ठी नखानं सोलून काढली. दुसरीवर ट्रेव्हरचं नाव लिहिलं. व्हँजीला सकाळी सांगू म्हटलं. सकाळी तिचा तो स्कर्ट बघितला आणि जीभ उचलली नाही.

आता ट्रेव्हरला थाई अक्षर ओ की ठो येत नाही. सभागृह भरत आलं तसा तो व्हँजीची बाही धरून म्हणाला, "बाई, माझी खुर्ची कुठली?" ती त्याला घेऊन वर आली. एकेक चिठ्ठी वाचत रांगेतून चालली, त्याची शोधत आणि स्वतःचीही. माझ्या शेजारी येऊन थांबली. चिठ्ठी वाचली. मी तबकांकडे बघत राहिले. तिनं खुर्चीवरची धूळ हातानं झटकली, त्याला बसवलं, "पाय दुमडून ठेव, तळवा पोरांकडे करू नकोस" असं बजावलं आणि खाली माइकपाशी गेली.

नावं पुकारणं सुरू झालं. प्रासोंगसर, मग ज्येष्ठतेनं बाकीचे, मग मी, मग ट्रेव्हर. पोरं गुडघ्यांवर येऊन थांबली. आणि माइकवर तोच स्वच्छ आवाज आला, "इव्हँजेलिन डुमालागन. इंग्रजी. बारा वर्षं."

माइक हातात घेऊनच ती पायऱ्या चढली आणि सरांच्या खुर्चीशेजारी उभी राहिली. आमच्याकडे, बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यावर असं उभं राहत नाहीत. आठशे पोरं गुडघ्यांवर, पालक मागं, आणि सरांच्या डोक्यापेक्षा वर तिचं डोकं.

सर दातांतून म्हणाले, "बसा!"

"कुठं, सर?"

तिनं माइक तोंडासमोरून काढला नव्हता. "कुठं, सर?" सभागृहभर घुमलं. ट्रेव्हर गोंधळून उठायला लागला. ती त्याला म्हणाली, "बस बाळा, ती तुझी. मी माझी विचारतेय."

बाकीचे सगळे शिक्षक आपापल्या पायांची बोटं बघत होते. तिच्यासाठी एक जण उठला नाही. मीही उठले नाही.

तेवढ्यात मागच्या दारातून सायथोंग मावशी आली. शाळेच्या आवारात नूडल्सचा गाडा लावते ती. हातात लाल प्लॅस्टिकचं स्टूल, तेलाचे डाग पडलेलं. रांगेतून तरातरा चालत आली, पायऱ्या चढली आणि ते स्टूल सरांच्या खुर्चीला खेटून ठेवलं. "बसा बाई. पोरांचे गुडघे दुखतायत," म्हणाली आणि खांद्यावर फडकं टाकून निघून गेली.

व्हँजी स्टुलावर बसली, स्कर्ट सारखा केला. पहिलं तबक नववीच्या पोरींनी तिच्यापुढं धरलं. फलकावर तो फोटो काही लागला नाही. लाल स्टूल कापायला गेलं की सरही कापले जात होते!

दुपारी शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. ती वह्या तपासत होती. मी म्हटलं, "व्हँजी, हा प्रासोंग नालायक आहे. असला संताप आलाय मला त्याचा!"

तिनं मान वर केली नाही. "चिठ्ठीवरचं अक्षर तुझं होतं, तिमताई."

"सरांनी सांगितलं म्हणून..."

"सरांचं काय घेऊन बसलीस? ते सरच आहेत. शेजारी तू बसतेस." आणि तिनं पुढची वही ओढली.

ऑक्टोबरात तिचं कंत्राट संपलं, ते शाळेनं पुढं चालवलं नाही. माझ्या बढतीवर मात्र सही झाली. नवऱ्याला अजून वाटतं, मी खलात प्रासोंगसरांना कुटते.