हेडविकाचा डावा हात

हेडविका श्राम्कोवा डावखुरी होती, आणि आमच्या कारखान्यात डावखुऱ्या बाईची सोय कुणी केलेली नव्हती. झुंबरांचे काचेचे लोलक आम्ही घासायचो. चाकं भिंतीकडे तोंड करून एका रांगेत, सगळी उजव्या हाताची, वरून गार पाण्याची धार. हेडविका कामावर आली त्या दिवशीच तिने आपलं स्टूल चाकाच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला नेलं आणि आमच्याकडे तोंड करून बसली. मुकादम तणतणत आला. तिने घासलेला लोलक त्याने उजेडात धरला, फिरवून बघितला, परत ठेवला आणि निघून गेला. तेव्हापासून आम्ही सगळ्या भिंतीकडे बघायचो आणि हेडविका आमच्याकडे.

आणि बाई एकदा समोर तोंड करून बसली की बोलणारच. आमच्यासारखं सासू-सून, कोबीचे भाव असलं तिला जमायचं नाही. ती ताऱ्यांवरच्या गोष्टी सांगायची. रोज थोडी थोडी, पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून.

झोर्ना नावाचा तारा. तिथली माणसं एकाच घंटेला उठायची, एकच सूप प्यायची, घंटा वाजली की एकदम हसायची. तिथे उपाशी कुणी नाही, एकटं कुणी नाही. हेडविका हे थट्टेने सांगत नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. हल्ली लोकांना वाटतं की तेव्हा, कम्युनिस्टांच्या राज्यात, आम्ही सगळे ओठांत हसत होतो. हेडविकाचा बाप रेल्वेत फायरमन होता, इंजिनात कोळसा टाकणारा; जुना, सच्चा पक्षवाला. दोन हजार साल उजाडलं की पैसा नसेल, भांडण नसेल, सगळी माणसं एक होतील, असं तो जेवताना पोरीला सांगायचा. झोर्ना म्हणजे त्याचंच दोन हजार साल होतं. पण त्या ताऱ्यावर हेडविकाने नुला नावाची एक पोर आणून सोडली होती. तिथे माणसांना आकडे होते आणि हिच्या वाट्याला शून्य आलं, आमच्या भाषेत नुला, म्हणून हे नाव. सगळे सूर्याकडे वळले की ही आपली सावली बघत उभी. मुद्दाम नाही, बिचारीच्या लक्षातच यायचं नाही. तिच्यापाठी पहारेकरी लागले होते, आणि ती कधी सुपाच्या पातेल्यात, कधी घंटेच्या पोटात लपत होती.

"आज पकडतात बघ तिला!" बोहुन्का म्हणायची. आमच्यातली सगळ्यात थोरली, तोंडाने सगळ्यात फाटकी.

"उद्या सांगते," हेडविका म्हणायची आणि चाक सुरू करायची.

"मेले, माझी झोप उडवलीस!"

अशी वर्षं गेली. मग ऐंशी सालची स्पार्टाकियाड आली.

दर पाच वर्षांनी राजधानीत, प्राहात, स्ट्राहोव्हच्या मैदानावर हजारो बायका एका तालावर हात वर करायच्या. प्रत्येकीच्या पायाखाली तिच्या जागेची खूण. आमच्या दृष्टीने तो नवऱ्यापासून सुटका करून घ्यायचा बहाणा होता, शिवाय फायद्याचाही. आमच्या तुकडीला 'समाजवादी श्रमाची तुकडी' ही पाटी हवी होती. पाटीबरोबर डोंगरातल्या विश्रामगृहात सुट्टी मिळायची. अट एकच, तुकडीने जे करायचं ते सगळ्यांनी मिळून. एक जरी गळाली तरी पाटी गेली.

हेडविकाला समजवावं लागलं नाही. सगळ्यात आधी हात तिनेच वर केला, अर्थात डावा. लहानपणी बापाने तिला स्ट्राहोव्हला नेलं होतं. "बघ हेडा, जग असं होणार आहे," तो म्हणाला होता, आणि ती पोर आनंदाने रडली होती. एकदा तरी त्या मैदानात उभं राहायचं, एवढंच तिला आयुष्यात हवं होतं. दुसरं काही मागितलेलं मी तरी ऐकलं नाही.

हिवाळाभर जुन्या व्यायामशाळेत तालीम चालली. शिकवणारी यार्मिला, शाळेतली कवायतीची बाई. ती दुष्ट नव्हती. आता सगळ्यांना दुष्ट ठरवायची टूम निघाली आहे, म्हणून सांगते. पण सगळे हात उजवीकडे गेले की हेडविकाचा डावीकडे, आणि शेजारी मी. दोनदा माझं नाक फुटलं.

"हेडविका, उजवा! जेवतेस कुठल्या हाताने?"

"डाव्या."

सगळ्या खिदळल्या. यार्मिला हसली नाही. "वरून बघणाऱ्याला तुझा हात दिसणार नाही, बाई. तिथे भोक दिसेल. आख्ख्या मैदानाला पडलेलं भोक." मे महिन्यात जिल्ह्याची तालीम होती. तोवर जमलं नाही तर नाव कापणार, असं तिने स्पष्ट सांगितलं.

हेडविकाचं नाव कापलं की आमची पाटीही कापली जाणार. बोहुन्काने घरी जाताना तिला धारेवर धरलं. "तुझ्या एका हातापायी आम्ही सगळ्यांनी डोंगराला मुकायचं का गं? आम्ही बरे वळवतो ते हात! तू काय राणी लागून गेलीस?"

"मी मुद्दाम करत नाही गं."

"तुझी ती नुलापण मुद्दाम करत नाही," मी म्हणाले. माझं नाक दुखत होतं.

हेडविका थबकली. मग म्हणाली, "खरंच की."

तिचा नवरा वेंडेलिन बेकरीत होता, मोठा गमत्या माणूस. त्याने तिच्या उजव्या मनगटाला लाल लोकर बांधून दिली. उपयोग झाला नाही. हेडविकानेच शेवटी उपाय शोधला. दिवसभर मनात मोजत राहायचं, एक ते आठ, पुन्हा एक ते आठ. डोक्यात दुसरं काही येऊच द्यायचं नाही. बटाटे सोलताना, दुकानाच्या रांगेत उभं असताना, चाकावर बसूनसुद्धा. आणि एका सोमवारी तिने आपलं स्टूल उचललं, चाकाला वळसा घालून आमच्या बाजूला आणलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. उजव्या हाताने घासायला लागली. पहिले कितीतरी लोलक वाया गेले. मुकादमाने या वेळी तक्रार केली नाही. रांग सरळ झाली म्हणून तो खूश होता.

"आणि नुला?" मी विचारलं.

"जुलै होऊ दे, रूझा. नुला डोक्यात आली की डावा हात जागा होतो."

मला ते बरोबरच वाटलं. थोड्या महिन्यांचा तर प्रश्न होता. आम्ही भिंतीकडे बघत काम करायचो. शेजारून पुटपुटणं ऐकू यायचं, एक, दोन, तीन, चार.

मे महिन्यात हेडविका एकदाही चुकली नाही. यार्मिलाने तिला सगळ्यांसमोर मिठी मारली.

प्राहात एका शाळेच्या वर्गात गाद्यांवर आम्हाला ठेवलं होतं. खायला सलामीचे काप, पाव, कोमट चहा. वेंडेलिन कुणाची तरी दुर्बीण मागून घेऊन प्रेक्षकांत बसणार होता. "एवढ्या बायकांत मला ओळखणार कसा?" तिने विचारलं, तर म्हणाला, "सोपं आहे. जी चुकेल ती माझी." आम्ही पोट धरून हसलो. तीही हसली.

मग दरवाजे उघडले, संगीत सुरू झालं आणि आम्ही धावत मैदानात शिरलो. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. उजवा हात वर केला की हजारो हात वर जायचे आणि ते सगळे माझेच वाटायचे. तसं सुख मला पुन्हा मिळालं नाही, लग्नातही नाही. शेजारी हेडविका होती. तिचा हात माझ्या हाताबरोबर वर जात होता, खाली येत होता, आणि तिचे गाल ओले होते.

बाहेर फाटकाशी वेंडेलिन भाजलेलं सॉसेज घेऊन उभा होता. अभिमानाने नुसता फुलला होता.

"हेडा! सापडलीच नाहीस! डोळे फुटेपर्यंत शोधलं. शेवटी सगळ्यांनाच हात हलवला, म्हटलं, यांतली एक तरी आपली असेल!"

"एकदाही नाही दिसले?"

"एकदाही नाही. तुझी शपथ!"

तो शाबासकी देत होता. हेडविकाचा चेहरा मात्र उतरला. त्याच्याकडून सॉसेज घेत ती म्हणाली, "बाबांना आवडलं असतं." सॉसेज उजव्या हातात होतं.

सुट्टी संपवून आम्ही कामावर आलो. दाराशी पाटी लागली होती. बोहुन्का बसल्या बसल्या म्हणाली, "चल गं हेडविका, जुलै झाला. काढ तुझ्या त्या पोरीला लपलेल्या जागेतून."

हेडविकाने चाक थांबवलं. आम्हीही थांबवली. पाण्याची धार तेवढी चालू होती.

"नुला," ती म्हणाली आणि थांबली. "घंटा झाली. सगळे सूर्याकडे वळले. नुलाही वळली."

"आणि पहारेकरी?"

"ते आले. पण वरून बघितलं तर त्यांतली नुला कुठली, ते कळेना. म्हणून परत गेले."

"म्हणजे वाचली!" बोहुन्का टाळी वाजवून म्हणाली. "आणि मग?"

"मग काही नाही."

आम्हाला वाटलं, दमली असेल, उद्या सांगेल. उद्याही तेच, परवाही तेच. आम्ही दुसऱ्या ताऱ्याची गोष्ट मागितली, चंद्रावरची मागितली. ती खरोखर प्रयत्न करायची. कपाळाला आठ्या घालून बसायची, ओठ हलायचे, आणि मी कान देऊन ऐकलं तर ती मोजत असायची. स्टूलही तिने परत पलीकडे नेलं नाही. आम्ही सगळ्या जणी कोबीच्या भावावर आलो. मला तिचा राग यायचा, आमचाही यायचा आणि राग कुणावर काढावा तेही कळायचं नाही.

पुढे ते राज्य गेलं, मग कारखाना गेला, वेंडेलिनही गेला. दोन हजार साल आलं, ते सुपाचं पातेलं काही घेऊन आलं नाही. आता आम्ही दोघी एकाच वृद्धाश्रमात आहोत. मध्यंतरी एक शिकलेला मुलगा तिला विचारायला आला होता, "आजी, तुमच्यावर जबरदस्ती झाली होती का?" हेडविका म्हणाली, "नाही रे बाळा, मला स्वतःलाच जायचं होतं." ते खरंच होतं, आणि मला रडू फुटलं.

गुरुवारी इथे खुर्चीवर बसून व्यायाम असतो. नवीन आलेली मुलगी गोड आहे, कुणाला काही बोलत नाही. परवा तिने संगीत लावलं आणि म्हणाली, "मोजायचं नाही हं, आजी. आज ज्याला जो वाटेल तो हात वर करायचा."

सगळ्या म्हाताऱ्यांनी केले, कुणी हा, कुणी तो. हेडविका दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. कोपऱ्यातल्या जुन्या आजाऱ्यासारखा तिचा डावा हात पडला होता. तिने माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "रूझा, कुठला?"

मला 'डावा' म्हणायचं होतं. पण ती इतकी घाबरलेली दिसत होती की मी माझा उजवा वर केला. तेव्हा कुठे तिने तिचा केला.