भाऊजींनी मशीन पाहिलं त्याची गोष्ट

न घेतलेल्या वस्तूंबद्दल माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना जेवढी माहिती होती, तेवढी त्या वस्तू विकणाऱ्यांनाही नसेल. भाऊजी एका कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त झाले, पण तपासणी त्यांच्यातून कधी निवृत्त झाली नाही. ताई लग्न होऊन बडोद्यात आली तेव्हा घरात प्रेशर कुकर नव्हता. तो घ्यायचा असं भाऊजींनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, दुकानं पाहायला सुरुवात केली, झाकणाच्या रबराविषयी दोन कंपन्यांना पत्रं लिहिली, आणि कुकर घरी आला तेव्हा त्याच्या पहिल्या शिट्टीला माझी भाची दचकून रडली. ती तोवर चालायला लागली होती. छत्री घ्यायची तर दुकानात ती पंचवीस वेळा उघडमीट व्हायची. पंखा घेण्याआधी त्याच जातीचा पंखा ज्यांच्या घरी आहे अशा तीन अनोळखी लोकांकडे जाऊन ते खुर्चीवर बसून आले होते. फक्त लग्नाच्या वेळी त्यांनी पहिलीच मुलगी पाहिली आणि हो म्हणाले. ताईचं म्हणणं असं, की पुढची चाळीस वर्षं ते त्याचंच प्रायश्चित्त घेत आहेत.

यात कंजूषपणा नव्हता, हे सांगायला हवं. एकदा ठरलं की ते महागातली वस्तूही हसत घ्यायचे. मी एकदा वैतागून विचारलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "अरे, एक वस्तू घेणं म्हणजे बाकीच्या सगळ्यांना नाही म्हणणं. नाही म्हणायचं तर आपल्याकडे कारण नको?" त्यांच्याकडे कारणं वहीत असायची. आडव्या-उभ्या रेघा मारून, रकाने पाडून, बारीक अक्षरात. त्या वहीचे किस्से मी बँकेत सहकाऱ्यांना रंगवून सांगायचो आणि दाद घ्यायचो. त्यातले काही किस्से आता मला सांगवत नाहीत.

बडोद्यात तरसालीच्या बाजूला आमच्या मराठी मंडळाचं एक मोठं मैदान आहे. जुन्या लष्करी घराण्यांतल्या मंडळींनी ते राखलं, आणि गेली तीसेक वर्षं ते खरोखर राखलं ते रमणभाई माळ्याने. सडपातळ, कमी बोलणारा माणूस. गवत कापायचं मोटरचं मशीन होतं, पण ते मागून ढकलत चालवावं लागायचं. पावसाळ्यात सगळं मैदान एकदा कापून होईपर्यंत पहिल्या टोकाला पुन्हा घोट्याच्या वर गवत आलेलं असायचं. एका दिवाळीनंतर रमणभाईंना दम लागायला लागला. डॉक्टरांनी हृदय कमजोर झाल्याचं सांगितलं आणि ढकलायचं काम बंद करायला सांगितलं. मंडळाच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, माणूस बदलू या. तेव्हा भाऊजी उभे राहिले. बैठकीत ते सहसा बोलत नसत.

"माणूस का बदलायचा? मशीन बदलू. बसून चालवायची मशीनं येतात. रमणभाई बसतील आणि कापतील. निवडायचं काम माझ्याकडे द्या."

ठराव एकमताने मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत मीही होतो, आणि हात वर करताना मला मनातल्या मनात हसू येत होतं, हेही खरं आहे.

मग सुरू झाली ती स्कूटरवरची तपासणी. पुढे भाऊजी, मागे रमणभाई, आणि रमणभाईंच्या मांडीवर वही. मकरपुऱ्याच्या दुकानात एक लाल रंगाचं परदेशी मशीन होतं. दुकानदार म्हणाला, बेचाळीस इंचांचा पट्टा कापतं. भाऊजींनी खिशातून टेप काढली, जमिनीवर आडवे झाले आणि पात्यांखाली हात घालून साडेएकेचाळीस भरल्याचं जाहीर केलं. "बेसो ने काका, चा पियो," असं म्हणत दुकानदाराने त्यांना उठवलं, पण वहीत 'दुकानदाराचा खरेपणा' या रकान्यात त्याचा एक गुण तेव्हाच गेला होता. रमणभाईंना मशीनवर बसून पाहायला सांगितलं. त्यांनी आधी चपला काढून बाजूला नीट जोडून ठेवल्या आणि मगच वर पाय ठेवला. पुढे प्रत्येक दुकानात ते तसंच करायचे.

करजणला ट्रॅक्टर विकणाऱ्याकडे एक मशीन होतं, पण त्यात बॅटरी नव्हती. चालू करून दाखवल्याशिवाय भाऊजी मत देईनात, आणि बॅटरी "आवी जशे काका", येईल म्हणे, यापलीकडे जाईना. ते तिथे तीनदा गेले. डभोईच्या दुकानदाराने मात्र दुकानामागच्या गवतात मशीन सोडलं. त्या दिवशी माझी गाडी होती, म्हणून मीही होतो. रमणभाई बसले, खटका ओढला आणि निघाले ते थेट पलीकडे बांधलेल्या म्हशींपर्यंत. थांबवायचं कसं ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. दुकानदार धावला, म्हशी उठल्या, भाऊजी मागून ओरडत होते, "वळण बघा, किती जागेत वळतं ते बघा." रमणभाई परत आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. तीस वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

वहीत शेवटचा रकाना 'रमणभाईंचा अभिप्राय' असा होता. त्यात प्रत्येक मशीनसमोर एकच उत्तर होतं, "सारुं छे." या उत्तराचं भाऊजींना फार वाईट वाटायचं. ते म्हणायचे, "सगळंच चांगलं कसं असेल? नीट विचार करून सांगा." रमणभाई मान डोलवायचे आणि थोड्या वेळाने तेच सांगायचे.

उन्हाळा संपेपर्यंत यादीत दोन मशीनं उरली होती, मकरपुऱ्याचं आणि डभोईचं. आता प्रश्न पट्ट्याचा होता. पाती फिरवणारा आतला रबरी पट्टा तुटला तर नवा किती दिवसांत मिळेल? मकरपुऱ्यावाला आठवडा म्हणाला. डभोईवाला दोन दिवस म्हणाला, पण तोंडी. भाऊजींनी त्याच्याकडे लेखी मागितलं. त्याने वर कंपनीला लिहिलं. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, आता घेऊन टाकू या." ते म्हणाले, "अरे, ऐन पावसात मशीन बंद पडलं तर पुन्हा ढकलायला कोण जाणार? रमणभाईच ना? त्यांच्यासाठीच तर थांबलोय." 

पाऊस झाला. गवत वाढलं, मैदानात साप दिसला म्हणून मुलांचं खेळणं बंद झालं. भाऊजींनी रमणभाईंना निक्षून सांगितलं होतं की जुन्या मशीनला हात लावायचा नाही. पण ज्या माणसाने तीस वर्षं ते मैदान आखल्यासारखं ठेवलं, त्याला ते तसं बघवलं नसणार. श्रावणातल्या एका सकाळी त्यांनी ते बाहेर काढलं. गवताचे दोन पट्टे सरळ कापून झाले होते. तिसऱ्याच्या मध्यावर ते पडले. फाटकातून दूध घेऊन जाणाऱ्या बाईने आवाज ऐकला, मशीनचा. ते चालूच राहिलं होतं आणि एका जागी उभं राहून त्याने खालची माती वितीएवढी उकरली होती. भाऊजींचा मला फोन आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तू ये." मी पोहोचलो तोवर रमणभाईंना दवाखान्यात नेलं होतं, आणि नेण्यात काही अर्थ राहिला नव्हता. भाऊजी त्या खड्ड्यापाशी उभे होते.

डभोईचं पत्र त्यानंतर चार दिवसांनी आलं. पट्टा दोन दिवसांत मिळेल, असं त्यात कंपनीच्या शिक्क्यासह लिहिलं होतं.

बारावं झाल्यावर भाऊजी रमणभाईंच्या घरी गेले, मला बरोबर घेऊन. त्यांच्या पत्नीने, शांताबेननी, पाणी दिलं. भाऊजींनी कसलीही प्रस्तावना न करता सांगितलं, "मशीन माझ्यामुळे आलं नाही." माझी अपेक्षा होती की ती बाई काहीतरी समजुतीचं बोलेल. अशा वेळी लोक बोलतात. ती पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "मोडुं थयुं, साहेब." उशीर झाला. मग आपलं मराठी जुळवत म्हणाली, "घरी येऊन ते रोज सांगायचे. आज लाल मशीनवर बसलो, आज हिरव्यावर बसलो. पावसाच्या आधी येणार म्हणायचे. मी म्हणायची, साहेब आणतील."

"हो," भाऊजी म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी स्कूटरची किल्ली माझ्या हातात दिली, मी चालवली.

पुढच्या बैठकीत त्यांनी वही टेबलावर ठेवली आणि कुठलंही घ्या म्हणाले. मंडळाने मकरपुऱ्याचं घेतलं. ते आलं त्या दिवशी भाऊजी गेले नाहीत, नंतरही कधी त्या बाजूला गेल्याचं मला आठवत नाही. शांताबेनना मंडळाकडून पेन्शन मिळावी म्हणून मात्र ते एकेका सभासदाच्या दारात उभे राहिले, आणि महिन्याभरात मंजूर करून आणली. तेवढ्या वेगाने त्यांनी दुसरं काही केलेलं मी पाहिलं नव्हतं.

आणि तेव्हापासून त्यांनी निवडणं सोडलं. भाजीवाला देईल ती भाजी, पहिल्या दुकानात दिसेल ते कापड. ताई एकदा स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "अरे, परवा चष्म्याची काडी बदलून आणली, ती कानाला टोचते. परत जा म्हटलं, तर म्हणाले, असू दे. आयुष्यभर या माणसाच्या चौकशांनी माझा जीव खाल्ला. आता घरात इतकं शांत असतं की मला बसवत नाही." बोलता बोलता ती कणीक मळायची थांबली होती.

गेल्या वर्षी आमच्या टाकीची पाण्याची मोटर जळाली. मला मोटरमधलं काही कळत नाही, असं खोटंच सांगून मी भाऊजींना बरोबर घेतलं. आता त्यांना चालायला काठी लागते. पहिल्याच दुकानात काउंटरवर ठेवलेल्या मोटरकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हीच घे." दुकानदारही जरा चमकला.

मी म्हटलं, "भाऊजी, दुसरीकडे बघू या का?"

ते हात मोटरवर ठेवून उभे राहिले. त्यांचं बोट नकळत तिच्या जोडावरून फिरत होतं, कुठे खरखरीत आहे का बघत.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"साडेदहा."

"घरी पाणी आहे ना पुरेसं?"

"संध्याकाळपर्यंत आहे."

"मग एक दुकान पाहू," ते म्हणाले. "एकच."

आम्ही एकच पाहिलं, आणि मोटर तिथूनच घेतली. त्याच्या पुढे ओळीने आणखी तीन दुकानं उघडी होती. भाऊजींनी तिकडे मान वळवली नाही. मी मात्र त्यांचा हात धरून, मुद्दाम हळूहळू, त्या तिन्ही दुकानांवरून त्यांना गाडीपर्यंत नेलं.