एकाच आडनावाचे दगड

ठाण्याच्या दारात उभं राहून मी एक आडनाव पुकारलं आणि व्हरांड्यातला अख्खा बाक उठून उभा राहिला. फिर्यादी आजी उभी राहिली, संशयित उभा राहिला, पंच म्हणून आणलेले दोघे उभे राहिले. आतून ठाणे अंमलदार हवालदारही "जी साहेब" करत बाहेर आले. त्यांचं आडनाव तेच होतं, आणि माझंही.

हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, तुम्ही आधीच उभे होतात म्हणून बरं. नाहीतर स्वतःच्याच हाकेला उठला असतात."

सगळा व्हरांडा हसला. आजीही हसली. संशयित तेवढा हसला नाही. नोकरीतल्या कितीतरी गोष्टी विसरलो, पण त्या माणसाचं ते न हसणं मला विसरता आलेलं नाही.

आडनाव इथे लिहीत नाही. पेणच्या बाजूचं खाडीकाठचं एक गाव, त्याच्या नावाला 'कर' जोडला की आमचं आडनाव तयार होतं. म्हणून ते कुणा एका जातीचं नाही, धर्माचं नाही, रक्ताचं तर मुळीच नाही. आजी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातली. तिच्या समाजाची बाकीची घरं कधीच गाव सोडून परदेशी किंवा शहरांत गेली होती, ही एकटी उरली होती. संशयित मिठागरावर राबणारा हिंदू. पंचांपैकी एक मुसलमान, खाडीत होडी घालणारा. माझे पणजोबा गाव सोडून रोह्याला आले. मी स्वतः ते गाव पहिल्यांदा पाहिलं ते अंगावर वर्दी असताना.

हे आडनाव माणसांवर थांबत नाही. गावाबाहेरची विहीर त्याच आडनावाची, खाडीचा बांध त्याच आडनावाचा. रोह्याच्या बाजारात गिऱ्हाईक मीठ मागताना मीठ म्हणत नसे, आमचं आडनाव घेऊन "ते द्या दोन किलो" म्हणे. गावातून रोह्याशेजारच्या अष्टमी गावात कुणाला तरी दिलेला एक कुत्रा होता, त्यालाही तिथे याच नावाने हाक मारत. आणि गावाच्या टोकाला, बांधाला लागून असलेली यहुद्यांची दफनभूमी, तिचंही नाव तेच. त्यातले दगड मराठीत कोरलेले, प्रत्येकावर तेच आडनाव.

गुन्हा त्या दगडांचाच होता.

रविवारी सकाळी ठाण्याचा फोन वाजला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "ज्यू लोकांच्या कबरी कोणीतरी उकरल्यात. दगड मिठागरवाल्याच्या झापेत दडवलेत. लवकर जा, नाहीतर विकून टाकील." एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

निनावी फोनबद्दल माझा एक अनुभव आहे. असा माणूस जे सांगतो त्याहून तो स्वतःला कुठे दाखवू इच्छित नाही, ते जास्त महत्त्वाचं असतं. आमच्या खाडीपट्ट्यात कुणी 'ज्यू' म्हणत नाही. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून म्हातारी माणसं त्यांना 'शनवार तेली' म्हणतात, बाकीचे 'इस्रायल'. फोन करणारा बाहेरचा होता, आणि तरी त्याला मिठागरावरच्या झापेतलं, म्हणजे गवताने शाकारलेल्या खोपीतलं, माहीत होतं. मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि निघालो.

दफनभूमीचं सपाट मैदान झालं होतं. मातीवर खोदकामाच्या मशीनच्या पट्ट्यांचे वळ ताजे होते. दगड एकही नव्हता. मिठागरवाल्याच्या झापेत शिरलो तर कोपऱ्यात मिठाची रास पेंढ्याने झाकतात तशी एक रास झाकलेली. हवालदारांनी पेंढा बाजूला केला. खाली दगड होते. फेकलेले नव्हते, एकाला एक टेकून उभे, मधे गोणपाटाच्या घड्या, कुठे टवका उडू नये म्हणून. चोरीचा माल मी खूप पाहिला होता, पण असा निगुतीने ठेवलेला माल पाहिला नव्हता.

पंचनामा झाला. दगड मुद्देमाल म्हणून ठाण्यात आले. माझ्याच आडनावाचे दगड, माझ्याच ताब्यातल्या खोलीत.

मग चौकशी. मिठागरवाला माझ्यासमोर बसला. तळहाताला मिठाने पडलेल्या भेगा, नजर टेबलावर.

"दगड कोणी नेले?"

"मी."

"का?"

"वाचलं तर आमचंच आडनाव. आपलं नाव चिखलात कशाला लोळवायचं?"

"जमीन कोणी सपाट केली?"

त्याने भेगाळलेला अंगठा टेबलाच्या कडेवर घासला. मग म्हणाला, "ती पन मीच."

"मशीन चालवता येतं तुम्हाला?"

"नाय."

"मग?"

"साहेब, मी व्हय म्हनतोय ना? लिवा आनि सोडा."

चोर सुटायला धडपडतो. हा माणूस अडकायला धडपडत होता. अशा माणसाच्या मागे कुणीतरी उभं असतं, त्याला अंगाने झाकून ठेवलेलं.

दुपारी एका पुढाऱ्याचा फोन आला. आवाज गोड. "अहो, दगडांचाच तर प्रश्न आहे. म्हातारा कबूल आहे ना? त्याला आरोपी दाखवा आणि मोकळे व्हा. आणि तुमचंही आडनाव तेच. गावाने उद्या म्हणायला नको, साहेबांनी आपल्या लोकांचं प्रकरण वाढवलं." मी म्हटलं, "आडनावाने माझ्या ठाण्यात कुणी सुटत नाही आणि कुणी अडकतही नाही." आणि फोन ठेवला. त्या वाक्याची किंमत मला पुढे मोजावी लागली. मुदतीआधी नोकरी सोडली त्यामागे असली वाक्यंच होती. एकही मागे घेत नाही.

आजी फिर्याद देऊन घरी गेली होती; सविस्तर जबाब घ्यायला मी तिच्या घरी गेलो. तिने पाटावर बसवलं, पाणी दिलं.

"रोह्याचा ना तू? म्हंजे आमचाच," ती म्हणाली. "फक्त दिवा वेगळा लावतोस."

"आजी, मोडतोड कधी कळली?"

"बघितली आज. पन मशीन ऐकलं काल. सकाळपासून घरघर चालली हुती."

"मग काल कुणाला सांगितलं का नाही?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझाच प्रश्न खुळा वाटला. "काल शनवार हुता ना रे. शनवारी मी इस्तव पेटवत नाय, फोनला हात लावत नाय, एवढ्या लांब चालत नाय. माज्या माणसांवर काय फिरतंय ते कळत हुतं. ऐकत बसले."

मी जबाबाच्या कागदावर 'शनिवार' एवढंच लिहिलं. मग कामाची गोष्ट ध्यानात आली. मशीन शनिवारी दिवसाढवळ्या चालवलं होतं, कारण कुणाला तरी पक्कं ठाऊक होतं की गावात हरकत घेणारी एकच बाई आहे आणि शनिवारी ती उंबऱ्याबाहेर येणार नाही, फोनही करणार नाही. 'ज्यू' म्हणणाऱ्या बाहेरच्याला हे कुठून कळणार?

"आजी, तुम्ही शनिवारी फोनसुद्धा घेत नाही, हे गावात कुणाला माहीत आहे?"

"आता कोनाला पडलंय? मिठवाल्यांच्या घराला म्हाइत. पयल्यापास्ना रीत हाय. आगरातलं पयलं मीठ गावात कुठं जायच्या आदी आमच्या घरी येतं. शुक्रवारी सांजेला पोळीचा तुकडा मिठाला लावून आमी खातो ना, त्याला. त्यांचा पोरगा आनायचा ल्हान असताना. दिवा लावला की इथंच बसायचा, ह्या पाटावर. विचारायचा, आजी, आता उद्या तू काय काय नाय करनार? मी सांगायची…"

ती थांबली. पदर तोंडाला गेला. तिला कळलं आणि मला कळलं, एकाच वेळी.

"बाबा," ती म्हणाली, "हे लिवू नको."

"आजी, नाही लिहिलं तर त्याचा बाप आत जाईल. न केलेल्या गुन्ह्यासाठी."

"तो पोरगा हाय रे. मशीनवरचा पोरगा. माज्या मांडीवर बसलेला."

मी लिहिलं. तिने सही केली. सही करताना ती माझ्याकडे बघत नव्हती, पाटाकडे बघत होती.

मुलगा डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे मशीन चालवायचा. शिफ्ट सुटल्यावर त्याला गेटबाहेर गाठलं. ठाण्यात आणल्यावर त्याने फार वेळ लावला नाही. जमिनीच्या एका दलालाने त्याला पटवलं होतं: बांधाला लागून रस्ता काढायचा, प्लॉट पाडायचे, मधे फक्त ती जागा.

"तो म्हनला, जागेला तुमचंच आडनाव हाय, म्हंजे जागा तुमच्याच वाडवडलांची. इस्रायलवाले गेले. कोन विचारनार?"

"माझंही आडनाव तेच आहे," मी म्हटलं. "विहिरीचंही तेच आहे. मग उद्या मी ती विहीर विकू?"

त्याने डोक्यावरची कंपनीची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"शनिवार कुणी सांगितला?"

"मी."

बाकीचं पुढे जुळलं. शुक्रवारी संध्याकाळी मशीन बांधावर येऊन उभं राहिलं तेव्हाच काय होणार ते बापाने ओळखलं. पोराला म्हणाला, जाऊ नको. पोरगा ऐकेना. आजीला सांगावं तर ती पोलिसांत जाईल आणि पोरगा आत जाईल. गप्प बसावं तर दगड मोडतील. मग त्याने रात्रभर मिठाच्या हातगाडीवर एकेक दगड लोटून झापेत नेले, की जमीन गेली तरी नावं राहावीत. दलालाला दगड झापेत गेल्याचं कळलं आणि त्याने सगळा गुन्हा म्हाताऱ्यावर ढकलायला फोन केला. दलालाला मी त्याच आठवड्यात उचललं. चार्जशीटमध्ये तो होता, आणि मुलगाही होता. बाप नव्हता.

बाप सुटला त्या दिवशी ठाण्याच्या पायरीवर माझ्यासमोर उभा राहिला. रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"साहेब, तुमचं बरूबर हाय. पन माजा पोरगा नेलात. माज्या दारात येव नका."

मी गेलो नाही. मुलाची नोकरी गेली, लग्न ठरत होतं ते मोडलं, त्याने शिक्षा भोगली. दगड सुपुर्दनाम्यावर आजीच्या ताब्यात दिले आणि गावाने ते पुन्हा जागेवर उभे केले. त्या कामाला मी हवालदारांना पाठवलं, स्वतः गेलो नाही.

आता रोह्याजवळ वरशाला घर केलंय. संध्याकाळी चालायला निघतो तेव्हा कुणीतरी ओळखीचा हटकून विषय काढतोच: "साहेब, त्या पोराला माफीचा साक्षीदार करता आला असता." आला असता, बहुधा. पण शनिवार त्याने विकला होता, दलालाने नाही. त्याचा गुन्हा बापाच्या, आजीच्या किंवा आडनावाच्या पदराखाली लपवून त्याला मोकळं केलं असतं, तर ती म्हातारी पुढचा प्रत्येक शनिवार घाबरत बसली असती. मी तो गुन्हा दाखल केला. परत वेळ आली तर परत करीन. हे ठामपणे लिहितो, आणि हेही लिहितो की त्या जबाबावर सही करताना आजी ज्या पाटाकडे बघत होती, तो पाट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दोन्ही खरं आहे. एक खरं दुसऱ्याला पुसत नाही, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. पोलिसाला कुणी शाबासकी देईल म्हणून बरोबर वागायचं नसतं. बरोबर वागूनही ज्यांच्या दारात जाता येत नाही, अशी काही घरं त्याच्या वाट्याला येतात.

आजी मागच्या वर्षी गेली. तिचा दगड बसवायचा होता तेव्हा ठाणे शहरातून तिचा भाचा आला, समाजाची आणखी काही माणसं आली. बातमी कळली आणि मी गेलो. दफनभूमीच्या कडेला, गर्दीच्या मागे उभा राहिलो. समोर मिठागरवाला होता, आता पार वाकलेला. त्याच्या शेजारी त्याचा मुलगा. भाच्याच्या हातात मिठाची छोटी पुरचुंडी होती. कुणी आणून दिली ते विचारायची गरज नव्हती.

दगड जड होता. भाचा शहरातला, त्याला इथली माणसं ओळखता येत नव्हती. त्याने दगडावरचं नाव वाचलं आणि गर्दीकडे बघून तेच आडनाव मोठ्याने पुकारलं: "कुणी असाल तर जरा हात लावा हो."

निम्मी गर्दी पुढे झाली. होडीवाला आला, हवालदार आले, मिठागरवाला आला, त्याचा मुलगा आला. माझे पाय माझ्या आधी निघाले. दगडाच्या एका टोकाला बापलेक, दुसऱ्या टोकाला मी आणि हवालदार. उचलला. मला धाप लागली.

मग समोरून आवाज आला, त्या पायरीनंतर पहिल्यांदाच.

"साहेब, तुमची बाजू उतरते हाय. वर धरा."

मी वर धरली.