ग्रिपला लागलेली हळद

ओल्या हळदीचा वास आला की केळव्याचं ते लग्नघर आठवतं. मी तिथे फोटो काढायला होतो. नुकताच मोठा कॅमेरा घेतला होता, दिवसभर चार्ज पुरावा म्हणून खाली जादा बॅटरीची, बटणं असलेली ग्रिपही जोडली होती. हळदीच्या मांडवात नवऱ्या मुलाच्या आजीने ते धूड पाहून विचारलं, "नवा हाय? पुजलास का?" आणि हळदीची बोटं पुढे केली. बटणांत ओल जाईल म्हणून मी कॅमेरा मागे घेतला. "माजा थोरला नवी होडी न पुजताच घेऊन गेला," ती शांतपणे म्हणाली, "परत नाय आला." मी कॅमेरा तिच्यापुढे धरला, तिने ग्रिपवर हळदीची बोटं ओढली. ग्रिपचं एक बटण तेव्हापासून अडकतं, पण दुरुस्तीवाला हळद पुसेल म्हणून मी ग्रिप तशीच वापरतो.