पांढरीची चव

शाम्पेन म्हणजे काय हे मला बुलढाण्यात कळलं, असं सांगितलं की पुण्याकडची शहाणी माणसं गालातल्या गालात हसतात. हसोत बापडी. त्यांच्यातल्या किती जणांनी ती जिभेवर धरून पाहिली आहे हे मी विचारत नाही, एवढंच माझं सौजन्य.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि हुकूम नागपूरचा चालायचा. बुलढाण्याची हवा थंड, म्हणून गोऱ्या साहेबांना ते गाव मानवायचं. अशाच एका साहेबाच्या बंगल्यावर मी टेबलावर वाढायच्या कामाला होतो. बाप चिखलीजवळ भाजीपाला पिकवणारा माळी. पोरगा गोऱ्याच्या ताटाशी उभा राहतो म्हणून भावकी नाकं मुरडायची. त्याच भावकीला साहेबापुढे अर्ज सरकवायचा असला की मात्र मी चालायचो.

बंगल्याचे खानसामा म्हातारे मुसलमान गृहस्थ होते. मी त्यांना चाचा म्हणायचो. चाचांनी उभ्या जन्मात दारूचा थेंब जिभेला लावला नव्हता, आणि दारूतलं त्यांच्याइतकं कळणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नव्हता. ते कानाने, डोळ्याने आणि नाकाने काम भागवत. बूच फाडकन उडालं की उघडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. त्यांच्या मते ते हळूच सुस्कारा टाकून निघालं पाहिजे. मलकापूर स्टेशनावरून घाट चढून आलेली बाटली पंधरा दिवस निजवल्याशिवाय उघडायची नाही. ग्लासात बुडबुड्यांची दोऱ्यासारखी बारीक ओळ चढली पाहिजे. भाताच्या आधणासारखे बदबदा आले तर माल हलका. चव तेवढी त्यांच्या हद्दीबाहेर होती. म्हणून पाहुणे उठले की ग्लासाच्या तळाशी राहिलेला घोट ते माझ्यापुढे सरकवत.

"सांग बे, काय लागून राह्यलं?"

मी सांगायचो. लिंबाची साल, भाजलेला पाव, कच्चं बोर. ते डोळे मिटून आपल्या नाकातल्या वासाशी माझी चव जुळवून बघायचे. पाच वर्षं आमची ही शाळा चालली.

बहुतेक शाम्पेनमध्ये काळी द्राक्षंही असतात, हे मला त्यांनीच सांगितलं. सालीचा रंग लागू न देता रस काढला की काळ्याचाही रस पांढराच. ऐकून मला फार बरं वाटलं. गोऱ्यांच्या पेल्यात निम्मं काळंच होतं की! क्वचित एखादी बाटली मात्र निव्वळ पांढऱ्या द्राक्षांची, म्हणजे आपण ज्यांना हिरवी म्हणतो त्यांची. ती फिकट, अंगाने सडपातळ, पहिल्या घोटाला पाण्यासारखीच वाटते. घाई करणाऱ्याला ती कळत नाही.

साहेबाने तसली एक बाटली जपून ठेवली होती. एका रविवारी नागपूरचा कुणी बडा अधिकारी दुपारच्या जेवणाला आला तेव्हा ती काढायचा हुकूम झाला. बाटल्या गार करायला आम्ही ओल्या गोणपाटात गुंडाळून वाऱ्याला ठेवायचो. त्या दिवशी गोणपाट सोडलं तर आत दोन बाटल्या, एक ती आणि एक नेहमीची, आणि दोन्हींवरचे नावाचे कागद भिजून गळून पडलेले. चाचांनी एक उघडली, वास घेतला, मान डोलावली आणि वाढली.

पाहुण्याने एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला. हे तर पाणी आहे, तो इंग्रजीत म्हणाला. तुमच्या म्हाताऱ्याने खरी बाटली बाहेर विकली आणि ही भलतीच पुढे केली. एवढं इंग्रजी मला येत होतं.

"हुजूर, वही है," चाचा म्हणाले.

"तू कधी प्यायलास ती?" साहेबाने विचारलं.

"तौबा, हुजूर."

"मग तुला कसे कळते?"

चाचांनी नाकाकडे बोट नेलं आणि तसंच खाली घेतलं. सारी हयात नेकीने नोकरी केलेला माणूस दारू पीत नाही म्हणून चोर ठरत होता. माझं डोकं सणकलं. भीतीही वाटत होती, खोटं कशाला बोलू? हातातलं तबक मी टेबलावर ठेवलं.

"मले द्या साहेब, दोन्ही," मी म्हटलं. "तोंड फिरवून उभा राह्यतो. कोनती कोनती ते सांगतो."

साहेबाला गंमत वाटली असावी. मी भिंतीकडे तोंड केलं. त्याने स्वतः दुसरी बाटली उघडली आणि दोन ग्लास भरून मला हाक मारली. पहिल्या ग्लासातली भरदार होती, पिकल्या बोरासारखी. दुसरीचा घोट आधी काही बोललाच नाही. मग लिंबू आलं, मग जिभेच्या कडेला कोरडं, खडूसारखं काहीतरी. ही चव माझ्या ओळखीची होती. आमच्याकडे शेताच्या मातीला काळी म्हणतात आणि गाव जिच्यावर वसलं त्या मातीला पांढरी. पांढरीने लिंपलेली ओली भिंत मी लहानपणी चाटायचो आणि आईच्या हातचा मार खायचो.

"हे पांढरी हाय," मी दुसऱ्या ग्लासावर बोट ठेवलं. "हिच्यात नुसती पांढरी हाय. अन् त्या गिलासात काळी मिसळेल हाय."

मी मातीचं बोललो होतो. साहेब मराठीची परीक्षा पास झालेला, त्याने द्राक्षं ऐकली. तो चमकून उठला. बुचाच्या बुडाला नाव डागलेलं असतं याची आठवण त्याला तेव्हा कुठे झाली. त्याने दोन्ही बुचं उलटी करून वाचली आणि पाहुण्यापुढे धरली. मी दाखवलेली तीच खरी, आणि चाचांनी वाढलेलीही तीच.

आता पाहुणा चाचांची माफी मागेल असं मला वाटलं होतं. मी भोळा. तो माझ्याकडे वळला आणि साहेबाला म्हणाला, या नोकराला ही चव ठाऊक कशी?

खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेब मनाने वाईट नव्हता. त्याने पुस्तकी मराठीत मला वाट काढून दिली.

"तू अनुमानाने सांगितलेस, असे म्हण. मग काही होणार नाही."

"हाव म्हण बे," चाचा मागून कळवळून पुटपुटले.

हो म्हटलं असतं तर नोकरी राहिली असती. पण मग आमची पाच वर्षांची शाळा म्हणजे नुसता अंदाज, आणि चाचांनी नाकाने ओळखलेली बाटलीही नशिबाने लागलेली. ते मला मरेपर्यंत पचलं नसतं.

"अंदाज नाही साहेब. चाखून सांगतलं. पाच वर्सं तुमच्या उष्ट्या गिलासातून शिकलो."

साहेबाचा चेहरा उतरला.

"ते तुझ्यासाठी नव्हते," तो म्हणाला.

"खरं हाय, साहेब," मी कमरेचा चाकरीचा पट्टा सोडून टेबलावर ठेवला. "पन उष्ट्याबिगर दुसरं काय ठेवलं होतं तुमी आमच्यासाठी?"