वाघाच्या मागचं शेपूट

रविवारी सकाळी इथे परदेशात, बेडोकच्या तलावाकाठी एक चिनी अंकल पक्षी बघत असतात. पायात स्लिपर आणि गळ्यात कॅमेऱ्याची हातभर लांब लेन्स. परवा गप्पा सुरू झाल्या आणि मी भारतातला आहे हे कळताच त्यांचा चेहरा पडला.

"तुमच्या हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात गेलो होतो," ते म्हणाले. "एका निळ्या पक्ष्यासाठी. रोज पहाटे जीपमधून हिंडलो. शेवटी दिसला आणि तेवढ्यात वाघ आला!"

मी त्याच जंगलात दोनदा जाऊन नुसते वाघाचे ठसे बघून आलोय. श्वास रोखून विचारलं, "मग?"

"मग काय? नेमका मध्ये बसला. जीपमधले सगळे खूश. मी एकटा ओरडतोय, मूव्ह लाह, सरक ना! हलेचना."

त्यांनी फोनवर फोटो दाखवला. मिशांसकट आख्खा वाघ! मी डोळे भरून बघणार, तोच अंकलनी दोन बोटांनी फोटो मोठा करत करत वाघाला स्क्रीनबाहेर घालवलं आणि कोपऱ्यातली पुसट निळी रेघ दाखवली.

"शेपूट," ते हळवे होऊन म्हणाले.

"सुंदर आहे," मी म्हणालो. वाघ परत दाखवा म्हणायचा धीर काही मला झाला नाही.