डार्नली स्कीटचा पावणेतीन फुटांचा फूट

आमच्या गावात डार्नली स्कीटला सगळे पंच म्हणत. तसा तो उसाच्या मळ्यावर मुकादम होता, तीन मुलींचा बाप होता आणि चर्चमध्ये खालच्या पट्टीत गायचा. पण शनिवारी दुपारी पांढरा कोट चढवून तो मैदानात उभा राहिला की बार्बाडोस बेटावरच्या आमच्या सेंट लूसी परगण्यात त्याच्यापुढे कुणाची बोलायची टाप नव्हती. एकदा त्याने सख्ख्या मेव्हण्याला पहिल्याच चेंडूवर पायचीत दिलं. मेव्हण्याने वर्षभर त्याच्या घरी पाऊल टाकलं नाही. डार्नली म्हणायचा, "दुसऱ्या चेंडूवर दिला असता तरी आला नसता. मग एक चेंडू कशाला फुकट घालवायचा?"

१९७० च्या नोव्हेंबरात त्याचा उजवा पाय मांडीच्या मध्यापासून कापावा लागला. शुगर होती, आणि तो गोड पाव सोडत नव्हता.

माझ्या वहीत ४ जानेवारी १९७१ ला नोंद आहे: "दुपारी पंचांकडे गेले. गिटन्स मास्तर आलेले. बोलणं चांगलं झालं नाही." गिटन्स मास्तर म्हणजे मुलांच्या शाळेचे हेडमास्तर आणि आमच्या क्रिकेट समितीचे अध्यक्ष. आजाऱ्याला भेटायला म्हणून आले, संत्री ठेवली आणि खिशातून नियमांचं पुस्तक काढलं.

"डार्नली, वाईट वाटून घेऊ नकोस. पण लेग बायचा इशारा तू करणार कसा? गुडघा वर उचलायचा आणि त्यावर थाप मारायची, असं छापलंय. तुझा गुडघा कुठाय?"

"दुसरा आहे की."

"तो उचललास तर उभा कशावर राहशील?"

पंचांनी एक संत्रं उचलून सोलायला घेतलं.

"जूनच्या पहिल्या शनिवारी मोसम सुरू होतो," मास्तर म्हणाले. "तोवर दोन पायांवर उभं राहून इशारा करून दाखव, कोट तुझा. नाहीतर कोट समितीकडे जमा कर."

मास्तर गेल्यावर डार्नलीची बायको आयँथी माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "यूलाबाई, मुकादमी गेली तेव्हा हा माणूस पोटभर जेवला. आज ताट तसंच ठेवलंय. म्हणतो, शनिवारी मी कोण?"

त्याच सुमारास आमच्या पाद्र्यांकडे कॅनडातल्या एका धर्मादाय मंडळाची चिठ्ठी आली. मंडळ गरजूंना कृत्रिम हातपाय फुकट पाठवत असे. गावातली परदेशची पत्रं मीच लिहायची, कारण माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मी टाक घेऊन बसले.

डार्नली म्हणाला, "बाई, लेग लिहा. लेग पाहिजे म्हणावं."

मी टाक खाली ठेवला. आमच्या बार्बाडोसात फूट म्हणजे मांडीच्या सांध्यापासून अंगठ्याच्या नखापर्यंत सगळंच. हँड म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंत. लेग फक्त क्रिकेटमध्ये. त्यात आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर बेनिग्नस आयर्लंडच्या. त्यांचं म्हणणं, लेग टेबलाला असतो आणि कोंबडीला असतो, बाईमाणसाने तो शब्द उच्चारायचा नाही, लिहायचा तर नाहीच.

"पंच," मी म्हटलं, "तू मैदानात काय बोलायचं ते मी सांगत नाही. पत्रात काय लिहायचं ते तू सांगू नकोस."

तेव्हा लिहिलं: उजवा फूट गेला आहे, नवा हवा आहे. कारण: शुगर.

उत्तर आलं. साखर कारखान्यातल्या अपघाताबद्दल मंडळाला अतोनात दुःख झालं होतं, आणि यंत्राला आता जाळी बसवली का, अशी विचारणा होती. मी कळवलं की यंत्र नव्हतं, पाव होता. त्यावर त्यांनी काही लिहिलं नाही.

१९ फेब्रुवारीला खोका आला. निम्मं गाव अंगणात जमलं. खोक्यातून कापूस निघाला, कापसातून कागद निघाला आणि कागदातून निघालं घोट्यापासून खालचं एक पाऊल. सुबक, गुळगुळीत, आणि उकडलेल्या कोळंबीच्या रंगाचं.

आयँथी दोन पावलं मागे सरली. "कुणा गोऱ्याचा आहे गं बाई! झाका त्याला, पोरी घाबरतील."

डार्नलीने ते मांडीच्या खाली धरून पाहिलं. मध्ये हवाच हवा. "बाई, मधलं देवाने भरायचं का?"

मी त्याच दिवशी पत्र टाकलं: आभारी आहोत, पण फूट अर्धाच आला आहे, कृपया अख्खा फूट पाठवावा.

२६ मार्चला दुसरा खोका आला. आत दुसरं पाऊल, तसंच कोळंबीच्या रंगाचं. पहिल्याची बोटं एकसलग होती, याची पाचही बोटं सुटी होती आणि प्रत्येकाला नख होतं. सोबत चिठ्ठी: 'बोटांसह अख्खा फूट.'

"आता तीन झाले," डार्नली म्हणाला. "चौथा आला की मला गाडीला जुंपा."

मला राग आला. माणसांना साधं इंग्रजी कळू नये? मी शिवणाची टेप काढली, डार्नलीचा उरलेला पाय वरपासून टाचेपर्यंत मोजला आणि तिसऱ्या पत्रात मोघम काहीही ठेवलं नाही: "फूट बरोबर पावणेतीन फूट लांब हवा."

या वेळी पत्र नाही, तार आली. "लांबी नक्की कळवा. दुसरा फूट तेवढाच का?"

मी उलट तार केली. "दुसरा तेवढाच."

लगेच तिसरी तार. "माणूस पाठवतो."

"बघ," मी आयँथीला म्हटलं, "नेमकं लिहिलं की कामं होतात."

मे संपत आला तरी माणूस येईना. तेव्हा शवपेट्या करणारा लाइल ब्लॅकेट सुतार आपण होऊन आला. त्याच्याकडे महोगनीचा एक चांगला तुकडा उरला होता. "डार्नली, तुझं सगळं माप घ्यायची माझी तयारी होती," मांडीला दोरी लावत तो म्हणाला. "पण तू हप्त्याहप्त्याने जायचं ठरवलंस. तर आज एवढंच घेतो."

त्याने मांडीपासून घोट्यापर्यंत महोगनी तासली, घोड्याच्या सामानातले पट्टे लावले आणि खाली कॅनडाचं नखांचं पाऊल ठोकलं. गुडघा मात्र त्याला जमला नाही. "पेटीला कधी गुडघा लागत नाही," तो म्हणाला. डार्नली त्या पायाने दार ढकलल्यासारखा चालायचा, पण चालायचा.

बुधवारी, २ जूनला, मंडळाचे मिस्टर लिंडक्विस्ट आले. उंच, लालबुंद, हातात कॅमेरा आणि मासे पकडायच्या होडीएवढी लांब पेटी. ओसरीवर डार्नली बसला होता. लिंडक्विस्ट त्याच्या डाव्या बुटाकडे बघत राहिले.

"बूट कितीचा?"

"नऊ नंबर."

"नाही, म्हणजे... मोठा फूट. पावणेतीन फुटांचा. तो कुठे आहे?"

"हा काय," म्हणत डार्नलीने डाव्या मांडीवर थाप मारली.

लिंडक्विस्टनी पेटी उघडली. आत पावणेतीन फूट लांबीचा बूट होता. ओंटारिओतल्या एका चांभाराने त्यावर तीन आठवडे घालवले होते आणि त्याचा फोटो तिथल्या वर्तमानपत्रात आला होता. तो मोठा फूट तपासायला दोन डॉक्टर पुढच्या विमानाने निघायच्या बेतात होते.

"अहो, पण हा लेग!" ते ओरडले. "हा सबंध लेग आहे!"

"हळू बोला," मी म्हटलं. "घरात मुली आहेत."

आयँथीने त्यांना माउबी दिलं. ते कडू सरबत नवख्याला सहसा सोसत नाही. त्यांनी एका दमात संपवलं आणि अजून मागितलं. मग म्हणाले, गुडघ्यासकट लेग करायचा तर तीन महिने लागतील.

"माझ्याकडे तीन दिवस आहेत," डार्नली म्हणाला.

शनिवारी मैदानाच्या कडेला समिती खुर्च्या टाकून बसली. महोगनीचा पाय पाहून गिटन्स मास्तर म्हणाले, "हा फूट आहे की फळी, ते समितीने कसं ठरवायचं? तज्ज्ञ आलेत ना? त्यांनी लिहून द्यावं की याला दोन्ही फूट आहेत."

लिंडक्विस्ट खोटं लिहिणारा माणूस नव्हता. त्यांनी बराच विचार केला आणि दाखला दिला. मास्तरांनी तो मोठ्याने वाचला: "श्री. स्कीट यांना फूट दोन, पैकी एक आमचा. लेग एक. दुसरा फर्निचर आहे."

"फूट दोन!" आयँथी ओरडली. "झालं काम!"

"थांब गं. लेग एक," मास्तर म्हणाले. "नीट लिहिलंय. एक!"

"लेग म्हणजे फूटच ना, मास्तर?"

"मग दोन फुटांत एकच लेग कसा?"

समितीत अर्धा तास वाद झाला. खेळाडू गवतावर आडवे झाले. एकजण म्हणाला, लेग कॅनडात वेगळा मोजत असतील. लिंडक्विस्ट समजावून सांगायला उभे राहिले, त्यांनी स्वतःची विजार गुडघ्यापर्यंत वर केली, आणि मी मान दुसरीकडे वळवली.

शेवटी डार्नलीच पुढे आला. "मास्तर, या मैदानाला लेगच्या बाजू किती?"

"हा काय प्रश्न झाला? एक."

"आणि दुसरी?"

"दुसरी ऑफ."

"मग माझंही तसंच. एक लेग, एक ऑफ. तेवढ्यावर खेळ होतो ना? तसा पंचही होतो."

गवतावरचे सगळे उठून बसले. ब्लॅकेट सुतार हसता हसता खुर्चीवरून पडला. मास्तरांनी नियमांचं पुस्तक पुढून मागे चाळलं, मागून पुढे चाळलं. त्यात याच्या विरुद्ध काही नव्हतं.

"इशारा करून दाखव," ते पडलेल्या आवाजात म्हणाले.

डार्नलीने सगळा भार महोगनीवर टाकला, डावा गुडघा वर उचलला आणि त्यावर सावकाश थाप मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. गुडघ्याचा पाय असता तर वाकला असता. हा वाकायचा प्रश्नच नव्हता. मास्तरांनी स्वतःच्या हातांनी त्याला कोट घातला.

त्या दिवशी डार्नली सलग छत्तीस षटकं उभा राहिला. चहाची वेळ झाली तेव्हा कळलं की सकाळच्या सरीने भिजलेल्या मातीत कॅनडाचं पाऊल घोट्यापर्यंत रुतून बसलं आहे. ओढून निघेना. मग दोन्ही संघांच्या चौघांनी त्याला उभ्याचा उभा उपसला आणि तसाच मंडपाकडे नेला. वाटेत गोलंदाजाने मघाच्या चेंडूबद्दल पुन्हा दाद मागितली. पंचांनी वरूनच मान हलवली. नाबाद.